नगर वसविणारा शिपाई : मलिकंबर

माहूरच्या डोंगरांत रेणुकामातेच्या दर्शनास येणारे यात्रेकरू रामगडाचा पडका तट पाहतात आणि हा किल्ला कोणाचा, असे सहज विचारून जातात. या प्रश्नाला एक उत्तर नाही. बहामनी, इमादशाही, निजामशाही आणि मोगल अशा सत्ता एकीमागून एक येथे आल्या आणि गेल्या. किल्ला ज्याचा त्याचा म्हणविला गेला, परंतु अखेर कोणाचाच राहिला नाही. इतिहासाच्या पुस्तकांत आपण बहुधा किल्ले घेणाऱ्यांची नावे पाठ करतो. घर बांधणाऱ्याचे, पाणी आणणाऱ्याचे, शेत मोजून देणाऱ्याचे नाव क्वचितच आपल्या ओठांवर येते. ही दोन्ही कामे एकाच पुरुषाने केल्याचे उदाहरण आपल्या मराठवाड्यात आहे. तो राजा नव्हता. या देशात त्याचा जन्मही झाला नव्हता. बाजारात विकला गेलेला तो एक मुलगा होता. त्याचे नाव मलिक अंबर. आपल्या जुन्या मराठी लिखाणात त्यास मलिकंबर म्हणतात. त्याच्या लढाया आमच्या या नांदेड जिल्ह्यातून गेल्या, माहूरच्या सरदार घराण्याच्या मूळ पुरुषाशी त्याचा संबंध आला, आणि त्याने वसविलेले नगर आज साऱ्या मराठवाड्याचे मुख्य ठिकाण आहे. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे आम्हांस वाटते.

मलिकंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाणात, म्हणजे ज्याला आज इथिओपिया म्हणतात त्या देशात झाला. लहानपणी त्याचे नाव चापू असे होते. त्या काळी तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांचा व्यापार चाले. गाईगुरांप्रमाणे मुलांची दावणीला किंमत होई. चापूही असाच आपल्या माणसांपासून तुटला आणि अरबस्तानातील मोखा बंदराच्या बाजारात उभा राहिला. आपल्या शाळेतील पहिल्या वर्गांत बसणाऱ्या मुलांनी क्षणभर विचार करावा. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषा नाही, आणि स्वतःचे नावही उद्या बदलणार आहे. एवढ्या कफल्लक स्थितीत या पुरुषाने आयुष्याला आरंभ केला.

हातोहात विकला जात असता तो बगदाद येथील मीर कासीम नावाच्या एका व्यापाऱ्याकडे आला. हा धनी काहीसा पारखी होता. त्याने मुलाची बुद्धी ओळखली, त्यास लिहिणे, वाचणे, हिशेब व व्यवहार शिकविला, आणि त्याचे नाव अंबर ठेविले. पुढील आयुष्यात मलिकंबराने जी जमीन मोजविली, जे जमाखर्च लाविले, त्याचे मूळ या शिक्षणात आहे असे म्हणण्यास हरकत नाही. त्याची पुढची सारी कमाई लढाईत आली आणि गेली. ही पहिली कमाई मात्र कोणास हिरावून नेता आली नाही.

मग समुद्र ओलांडून तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. विशेष हे की चंगीजखान स्वतः एके काळी हबशी गुलामच होता आणि स्वतःच्या कर्तबगारीने राज्याचा मुख्य कारभारी झाला होता. त्याच्या पदरी हबशी गुलामांचे मोठे पथक होते. याच चंगीजखानाच्या पुढाकाराने इ. स. १५७४ साली निजामशाहीने वऱ्हाड जिंकिले, आणि त्याबरोबर आपले माहूरही त्या राज्यात गेले. राज्य कसे चालते, फौज कशी पोसावी लागते, दरबारात कोणावर किती विश्वास टाकावा, हे तरुण अंबराने या धन्याच्या घरी पाहिले. परंतु या विजयानंतर लवकरच दरबारी कारस्थानात चंगीजखानाचा अंत झाला. अंबर स्वतंत्र झाला खरा, पण त्याच्या स्वातंत्र्याला आधार काहीच नव्हता. पुढील वीस वर्षे तो एक साधा शिपाई म्हणून भाकरीसाठी फिरत राहिला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली व तेथे त्यास मलिक हा किताब मिळाला. इ. स. १५९५ च्या सुमारास तो सुमारे दीडशे स्वार घेऊन निजामशाहीत परतला. त्या वेळी त्याचे वय पंचेचाळिशीच्या पुढे गेले होते. ज्या वयात माणसे उसंत शोधतात त्या वयात त्याचे खरे आयुष्य सुरू झाले.

त्या वेळी निजामशाही मोडकळीस आली होती. अकबर बादशहाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. इ. स. १५९६ च्या तहात चांदबिबीस वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. इ. स. १६०० साली चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला पडला, आणि सुलतानास कैद करून नेण्यात आले. राज्य बुडाले असे सर्वांनी मानिले. मलिकंबराने मात्र तसे मानिले नाही. निजामशाही घराण्यातील एका पुरुषास त्याने परांडा येथे गादीवर बसविले, दुसरा मुर्तजा म्हणून त्याची द्वाही फिरविली, आपली मुलगी त्यास दिली, आणि स्वतः पेशवा होऊन विखुरलेले हबशी, दख्खनी व मराठे शिपाई गोळा करू लागला.

पहिल्याच वर्षांत त्यास मोठा फटका बसला, आणि तो नांदेडजवळ. इ. स. १६०२ साली खानखानानाचा मुलगा शाहनवाजखान, ज्यास तेव्हा मिर्झा इरज म्हणत, त्याच्याशी येथे लढाई झाली. मलिकंबर घायाळ होऊन पडला. मोगलांच्या हाती तो सापडणार, इतक्यात त्याच्या हबशी व दख्खनी सोबत्यांनी जिवावर उदार होऊन त्यास रणातून उचलून नेले. पगारी शिपाई पगारापुरते लढतात. पडलेल्या नायकास उचलण्यास कोणी पगार देत नाही. त्या दिवशी मलिकंबराजवळ ना पैसा होता, ना मुलूख. त्याने जोडलेली माणसे तेवढी होती, आणि ती पुरली.

बरा होताच त्याने लढण्याची रीत बदलली. मोगलांच्या जड तोफा, हत्ती आणि तंबूंचे शहर यांच्यासमोर उघड्या मैदानात उभे राहण्यात अर्थ नाही हे त्याने ओळखिले. मराठे स्वारांचा हलका घोडा, अंगावरची शिधोरी आणि डोंगरांची ओळख या गोष्टींवर त्याने भिस्त ठेविली. शत्रूची रसद मारावी, रात्री छावणीवर घाला घालावा, आणि पाठलाग झाला की घाटांत नाहीसे व्हावे, असा हा गनिमी कावा होता. मालोजी भोसले आणि त्याचा पुत्र शहाजी हे याच निजामशाहीच्या चाकरीत वाढले. शहाजीच्या पुत्राने पुढे ही रीत किती उंचीस नेली हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे.

हळूहळू दिवस पालटले. प्रतिस्पर्धी सरदार राजू यास त्याने नमविले. इ. स. १६०९ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशहाने त्याच्याशी सख्य करून आमच्या जिल्ह्यातील कंधारचा बळकट किल्ला त्याच्या हवाली केला. इ. स. १६१० साली अहमदनगरचा किल्ला त्याने मोगलांकडून परत घेतला. त्याच वर्षी त्याने दौलताबादेजवळील खडकी नावाच्या एका लहानशा खेड्यात नवे नगर वसविण्यास घेतले.

चरित्राचा हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. खडकी म्हणजे नावाप्रमाणेच खडकाळ रान. तेथे मलिकंबराने रस्ते आखिले, मशिदी व वाडे बांधिले, बाजार भरविला, आणि आपल्या सरदारांस जागा देऊन त्यांचे पुरे वसविले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही तेथील नावे मालोजी, खेळोजी, परसोजी व विठोजी या मराठे सरदारांवरून पडली असे सांगतात. इ. स. १६१२ साली मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. परंतु दरवाज्याने गावाची तहान भागत नाही. नगर वाढले तसे पाणी अपुरे पडू लागले, आणि मलिकंबराने इ. स. १६१७ च्या सुमारास नहरीचे काम काढिले. त्या काळच्या कित्येक शहाण्यांनी हे काम अशक्य म्हणून त्याची थट्टा केली, अशी कथा आहे.

ही नहर कशी चाले ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. नगराच्या उत्तरेस डोंगर आहेत. पावसाचे पाणी त्यांच्या उतारावर मुरते. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली भुयारासारखा चर खणून हे झिरपणारे पाणी त्याने धरिले. त्या चरास अगदी बेताचा उतार दिला, म्हणजे पाणी आपल्याच ओढीने नगराकडे चालत येई. त्यास मोट नको, बैल नको. ठिकठिकाणी वरून खाली विहिरीसारखी तोंडे ठेविली, त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढण्यास माणूस उतरे. नगरात आल्यावर उंच बांधीव बंब्यांतून व खापरी नळांतून ते पाणी हौदांस आणि घरांस वाटले जाई. जमिनीखालून येत असल्यामुळे ते उन्हाने आटत नसे, आणि शत्रूस सहज दिसतही नसे. पुढील राज्यकर्त्यांनी याच धर्तीवर आणखी नहरी काढिल्या. प्रसिद्ध पाणचक्कीला पाणी पुरविणारी नहर अशीच नंतरच्या काळातील आहे. मलिकंबराच्या नहरीचे पाणी मात्र त्याच्या मागे तीनशे वर्षे लोक पीत राहिले.

नगराबाहेरच्या रयतेसाठी त्याने जमिनीची घडी बसविली. त्यापूर्वी सारावसुलीचा मक्ता दिला जाई, आणि मक्तेदार कुणब्यास पिळून आपली झोळी भरी. मलिकंबराने मक्ते मोडिले. जमिनीची पाहणी करविली, चांगली व हलकी अशी तिची प्रत ठरविली, आणि प्रत्यक्ष पिकावर सारा बसविला. आरंभी तो उत्पन्नाच्या दोन पंचमांशाइतका धान्यरूपाने घेत. पुढे त्याचे नक्त रकमेत रूपांतर करून तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आणिला, असे सांगतात. वसुलीचे काम गावच्या पाटलाकडे ठेविले आणि कुणब्याचा आपल्या जमिनीवरचा मिरासी हक्क मान्य केला. जो शेत कसतो त्यास उद्या ते आपलेच राहील असा भरवसा असला, तरच तो बांध घालतो, विहीर खणतो आणि झाड लावतो. हे तत्त्व त्याने ओळखिले होते. मलिकंबरी धारा हे नाव महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालले. दादोजी कोंडदेवाने पुणे प्रांताची घडी बसविताना हाच कित्ता पुढे ठेविल्याचे इतिहासकार सांगतात.

परंतु शिपायाच्या नशिबी स्वस्थता नव्हती. इ. स. १६१६ साली त्याचे कित्येक सरदार फुटून मोगलांस मिळाले. त्यांतच उदाराम नावाचा एक ब्राह्मण सरदार होता. हाच पुढे मोगली चाकरीत चढला, आणि माहूरचे प्रसिद्ध घराणे ते याचेच. इ. स. १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत मोगल फौजेबरोबर असलेली शूर स्त्री रायबाघन याच घराण्याची. घरचे फितूर आणि बाहेरचा शत्रू एकत्र आल्यावर व्हायचे ते झाले. जालन्याजवळ रोषणगाव येथे मलिकंबराचा मोठा पराभव झाला. विजयी फौज थेट खडकीस गेली. सहा वर्षांपूर्वी वसविलेले नगर जाळून, पाडून टाकण्यात आले.

दिल्लीपती जहांगीर याच्या मनात या हबशी पेशव्याविषयी किती दंश होता हे एका चित्रावरून दिसते. दरबारी चितारी अबुल हसन याने त्या सुमारास काढिलेल्या चित्रात बादशहा भाल्यावर खोवलेल्या मलिकंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. बादशहास जे रणात साधले नाही ते कागदावर करून घ्यावे लागले.

पराभवानंतर मलिकंबराने खडकी सोडिली नाही. ती पुन्हा बांधिली. नहरीचे काम या नाशानंतरचे आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इ. स. १६१७ साली शहाजादा खुर्रम दक्षिणेत आला तेव्हा तह करून अहमदनगर व बालाघाट परत द्यावा लागला. पुन्हा युद्ध जुंपले, आणि इ. स. १६२१ साली मोगलांनी खडकीचा दुसऱ्यांदा विध्वंस केला. मलिकंबराने तिसऱ्यांदा वीट रचिली. त्या वेळी त्याचे वय सत्तरीच्या पलीकडे होते.

काळाची गती पाहा. ज्या खुर्रमाच्या फौजेने हे नगर मोडिले, तोच पुढे बापावर उलटला. इ. स. १६२३ साली पळताना त्याने आपले हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या स्वाधीन केले आणि तो तेलंगणाकडे गेला. सगळीकडून हताश होऊन परतल्यावर त्याने आश्रय मागितला तो मलिकंबरापाशी, आणि त्या वृद्ध पेशव्याने तो दिला. हाच खुर्रम पुढे शहाजहान बादशहा झाला.

इ. स. १६२४ साली मोगल व विजापूरकर एक होऊन मलिकंबरावर चालून आले. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडिला. छावणीत चिखल झाला, तोफा व घोडे रुतले, आणि संख्येने मोठ्या असलेल्या फौजेची दाणादाण झाली. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद पडला. या लढाईत शहाजी भोसल्याने मोठा पराक्रम केला. त्याचा भाऊ शरीफजी मात्र कामास आला. दख्खनच्या इतिहासात या विजयाची बरोबरी करणारे विजय थोडेच आहेत.

येथे आम्ही विद्यार्थ्यांपासून काही लपवू इच्छीत नाही. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या हातचे डाग पुसून टाकणे हे त्याच्यावर प्रेम नव्हे. भातवडीनंतर मलिकंबर विजापूरवर चालून गेला आणि इब्राहिम आदिलशहाने हौसेने वसविलेले नौरसपूर त्याने उद्ध्वस्त केले. स्वतःचे गाव दोनदा जळताना पाहिलेल्या माणसाने दुसऱ्याचे गाव जाळिले. तसेच ज्या दुसऱ्या मुर्तजास त्याने गादीवर बसविले होते, तो इ. स. १६१० साली विषाने मेला. राणीने मलिकंबराच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविले, तेव्हा त्याने हा सूड घेतला, असे त्याच्या भेटीस गेलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक याने नमूद करून ठेविले आहे. लहानपणी मोखा बाजारात लागलेला डाग कित्येक वर्षांनीही त्याच्या काळजास झोंबत होता, एवढे यावरून समजते. परंतु दुःख भोगिले म्हणून दुःख देण्याचा हक्क प्राप्त होत नाही. हा धडाही त्याच्याच चरित्रातून आपणांस घ्यावयाचा आहे.

इ. स. १६२६ च्या मे महिन्यात, वयाच्या ऐंशीच्या घरात, मलिकंबर मरण पावला. तो रणात पडला नाही, कोणाच्या कैदेतही मेला नाही. आपल्या अधिकारावर असतानाच त्याने डोळे मिटले. दौलताबादेजवळ खुल्दाबाद येथे त्याची कबर आहे, आणि त्याची पत्नी करीमा हिचीही कबर तेथेच आहे. त्याच्या मृत्यूची वार्ता लिहिताना मोगल दरबाराचा इतिहासकार मोतमिदखान यानेही आपली लेखणी शत्रुत्वापासून आवरिली. युद्धात, हुकमतीत व न्यायात त्यास तोड नव्हती, आणि हबशी गुलाम एवढ्या पदास चढल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा आशयाची साक्ष त्याने देऊन ठेविली आहे. ज्याच्या मस्तकावर बादशहाने चित्रात बाण मारिले, त्याची थोरवी बादशहाच्याच चाकराने मान्य केली.

मलिकंबराने आयुष्यभर तलवार गाजविली ती निजामशाही वाचविण्यासाठी. ती वाचली नाही. त्याचा पुत्र फत्तेखान याच्या हाती कारभार आला. त्याने आपल्याच सुलतानाचा घात केला, आणि इ. स. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन झाले. इ. स. १६३६ साली निजामशाहीचे नावही उरले नाही. पंचवीस वर्षांच्या लढायांचे फळ दहा वर्षांत धुळीस मिळाले. खडकीचे नाव फत्तेखानाने फत्तेनगर ठेविले. इ. स. १६५३ साली शहाजादा औरंगजेब याने ते औरंगाबाद केले. इ. स. २०२३ पासून त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलत गेली, नगर मात्र उठले नाही. कारण ज्या ठिकाणी पाणी आहे आणि ज्या ठिकाणी माणसास आपले घर आपले वाटते, ते ठिकाण माणसे सहसा सोडीत नाहीत.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. मराठवाड्यात पावसाने दगा दिला म्हणजे काय होते ते त्यांस कोणी सांगावयास नको. अशा मुलखात विहीर खणणारा, तलावाचा गाळ काढणारा, शेजाऱ्याचा बांध न कोरणारा मनुष्य हा शिपायाइतकाच देशाच्या उपयोगी पडतो. मलिकंबराजवळ आरंभी यांपैकी काहीच नव्हते; स्वतःचे शरीरही त्याचे नव्हते. तरी जाताना तो इतरांसाठी घरे, शेते आणि पाणी ठेवून गेला. आमचे विद्यार्थी सहलीस वेरूळ आणि दौलताबाद पाहावयास जातील तेव्हा वाटेवरील खुल्दाबादेत त्यांनी त्या साध्या घुमटाखाली पाच मिनिटे अवश्य थांबावे, आणि नगरात गेल्यावर भडकल दरवाज्याबरोबर त्या जुन्या नहरीची राहिलेली तोंडेही पाहावीत. दरवाजा कोणासही दिसतो. नहर मात्र विचारून शोधावी लागेल.